राजम्याची खीर आणि रादामेसचे मॅक्रो

"ईस्टरच्या आत सहा किलो उतरवले नाहीत, तर रादामेस पेगेरो नाव लावणार नाही!"

हे वाक्य रादामेसनं फेयोच्या किराणा दुकानासमोर, डॉमिनोच्या टेबलावर सोंगटी आपटत उच्चारलं, आणि पहिली चूक तिथेच झाली. आमच्या बानी गावात फेयोच्या दुकानासमोर बोललेलं आणि चर्चच्या भोंग्यावरून सांगितलेलं, दोन्ही सारखंच. दिवेलागणीच्या आत अख्ख्या गल्लीला कळलं, की गणिताचे मास्तर बारीक होणार आहेत आणि त्यासाठी त्यांनी चक्क पैसे भरलेत.

"पैसे कुणाला दिलेस?" फेयोनं विचारलं.

"प्लॅनला. तीन महिन्यांचा आहे."

"उपाशी राहायचेसुद्धा पैसे घेतात आता?"

"उपाशी कोण राहतंय? मॅक्रो म्हणतात त्याला. जे खायचं ते आधी तोलायचं. मग फोनमध्ये टाकायचं. त्यात प्रोटीन किती, पिष्ट किती, चरबी किती, सगळं फोन सांगतो. दिवसाचा हिशेब जुळला की वजन उतरलंच पाहिजे. साधं गणित आहे, फेयो. आणि या गावात गणित कोण शिकवतं?"

"तू. म्हणून तर पोरं नापास होतात," फेयो म्हणाला आणि त्यानं डाव जिंकला.

ते ठीक होतं. खरी गोम पुढे होती. प्लॅनला भरलेले पैसे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांसाठी बाजूला ठेवलेले होते. आमच्याकडची लाइट म्हणजे जावई. कधी येईल, कधी रुसून जाईल, विचारायची सोय नाही. रादामेसच्या घरातल्या जुन्या बॅटऱ्या केव्हाच आटोपल्या होत्या. लाइट गेली की पंखा थांबायचा, फ्रिज थांबायचा, आणि त्याची बायको योकास्ता बोलायला लागायची.

योकास्ता सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांना सुया टोचून घरी यायची, त्यामुळे बोलण्यालाही तसंच टोक होतं.

"बॅटऱ्यांचे पैसे तू फोनला खायला घातलेस?"

"ऐकून तर घे. प्लॅनमध्ये आव्हान आहे एक. सहा किलो उतरले आणि खाल्लेला घास न् घास नोंदवला, तर सगळे पैसे परत. म्हणजे मी बारीकही होणार, बॅटऱ्याही येणार. फुकटात!"

योकास्तानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या पेशंटनं 'मी बरा झालो, घरी जातो' म्हणावं आणि त्याचं सलाइन अजून लटकत असावं.

"हे बघ, राजा," ती म्हणाली. 'राजा' म्हणाली की रादामेस दोन पावलं मागे सरकायचा. "ईस्टरला आई येतेय. पंख्याशिवाय तिला डोळा लागत नाही, ठाऊक आहे ना? बॅटऱ्या आल्या तर उत्तम. नाही आल्या, तर पंखा तू. पुठ्ठा घ्यायचास आणि तिच्या उशाशी उभं राहायचंस."

सासूबाईंचं नाव दोन्या, म्हणजे बाईसाहेब, फ्रेदेस्विंदा. नाव उच्चारतानाच माणसाला घाम फुटतो. त्यांच्या उशाशी पुठ्ठा घेऊन उभं राहण्याच्या कल्पनेनं रादामेसनं त्याच दिवशी स्वयंपाकघरातला काटा विकत आणला.

आणि मग घरात जे सुरू झालं, ते कुणा वैऱ्याच्या घरी होऊ नये.

सकाळी तो उकडून कुस्करलेल्या केळ्यांचा मांगू काट्यावर ठेवी आणि फोनमध्ये शोधी. फोनला मांगू ठाऊकच नव्हता! 'उकडलेला बटाटा, इंग्लिश पद्धत' असं काहीतरी दाखवी. रादामेस चिडून कोचला निरोप पाठवी. कोच म्हणजे राजधानीतला येसोन नावाचा पोरगेला गडी, दंड मांडीएवढे आणि उत्तर कायम एकच: "जबरदस्त, चॅम्पियन! चालू ठेव!" रादामेसनं एकदा विचारलं, केळ्याला बटाटा म्हणून नोंदवू का? उत्तर आलं, जबरदस्त, चॅम्पियन. एकदा विचारलं, चक्कर येतेय, काय करू? उत्तर आलं, चालू ठेव.

जेवताना तो भाताचं शीत न् शीत तोली. आवोकाडोची फोड काट्यावर ठेवायची, चाकूनं कोपरा उडवायचा, पुन्हा ठेवायची. उडवलेला कोपरा योकास्ता खायची.

"तुझ्या प्लॅननं माझं वजन वाढतंय," ती म्हणाली. "याचे पैसे कुणाकडे मागू?"

डॉमिनो खेळताना कुणी शेंगदाणे पुढे केले, की हा आधी फोटो काढी. फेयोनं तर दुकानाच्या दारावर पाटी लावायची धमकी दिली, की मास्तरांना उधार आणि फोटो बंद. पण एक मात्र खरं. वजन उतरत होतं. कुरकुरत, नखरे करत, पण उतरत होतं. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा उजाडला तेव्हा अर्धा किलोच काय तो राहिला होता. शनिवारी सकाळी कोचसमोर, फोनच्या कॅमेऱ्यात, काट्यावर उभं राहायचं होतं. अर्धा किलो! रादामेसला बॅटऱ्या डोळ्यांसमोर दिसायला लागल्या.

पण पवित्र आठवडा म्हणजे राजम्याची खीर, हे त्याच्या गणितात बसलेलं नव्हतं.

या दिवसांत आमच्याकडे घरोघरी लाल राजमा शिजतो, वाटून गाळतात, त्यात दूध, नारळ, साखर, दालचिनी, लवंग, रताळ्याच्या फोडी, आणि वर छोटी दुधाची बिस्किटं. पातेलं लहान नसतंच. कारण ही खीर घरच्यांसाठी कुणी करत नाही, शेजाऱ्यांसाठी करतात. याचा वाडगा त्याच्याकडे, त्याचा वाडगा याच्याकडे. आणि वाडगा रिकामा परत जात नाही. रिकामा वाडगा परत पाठवणाऱ्या बाईबद्दल पुढच्या पवित्र आठवड्यापर्यंत बोललं जातं.

गुरुवारी सकाळी योकास्ता दवाखान्यात निघाली. दोन पाळ्या सलग होत्या, उद्या दुपारीच परतायची होती.

"राजमा भिजत घातलाय," ती दारातून म्हणाली. "खीर उद्या आल्यावर मी करीन. तोवर कुणाचे वाडगे आले तर फ्रिजमध्ये ठेव. परत द्यायला जाऊ नकोस. मी भरून देईन. तू काही करू नकोस. ऐकलंस? काही म्हणजे काही करू नकोस."

वीस वर्षं संसार केलेली बाई. तिला आधीच वास आला होता.

पहिल्या आल्या दोन्या एर्सिलिया. समोरच्या घरातल्या, विधवा, चर्चच्या पहिल्या बाकावरच्या. त्यांच्या खिरीत आलं असतं. हे त्यांच्या आजीचं गुपित, आणि गुपित असल्याचं त्या सगळ्यांना सांगतात, काय आहे ते मात्र सांगत नाहीत.

"मास्तर, गरम आहे तोवर चाखा."

"दोन्या एर्सिलिया, मी उपवास..."

"उपवास उद्याचा. आज गुरुवार आहे."

"दात दुखतोय हो."

"खीर आहे ती, ऊस नाही. आ करा."

आणि बाईंनी स्वतः चमचा तोंडात घातला! ती चव, मंडळी, ती दालचिनी, ते आलं! तीन महिने उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग खाल्लेल्या माणसावर हा सरळसरळ अन्याय होता. रादामेसचे डोळे भरून आले. दोन्या एर्सिलियांना वाटलं, भक्तीनं. त्या समाधानानं वळल्या, तसा हा धावत मोरीकडे गेला आणि त्यानं डोळे मिटून तो घास थुंकला. मग कोचला विचारलं, थुंकलेलं नोंदवायचं का? उत्तर आलं, जबरदस्त, चॅम्पियन.

मग नुरीस आली, शेजारची, पार्लरवाली. तिची खीर नारळाच्या दुधात पोहत असते. तिच्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या डोक्याला रोलर लागलेले होते म्हणून ती वाडगा देऊन पळाली, तेवढी देवाची कृपा. पाठोपाठ फेयो. त्याची बायको न्यू यॉर्कला कामाला, त्यामुळे तो स्वतःच रांधतो, आणि रताळ्याच्या फोडी डॉमिनोच्या सोंगटीएवढ्या कापतो.

"खा, खा. फोटो काढ आणि खा," फेयो म्हणाला.

तिन्ही वाडगे रादामेसनं बायकोनं सांगितल्याप्रमाणे फ्रिजमध्ये ठेवले. दार लावलं. आज्ञाधारक नवऱ्यासारखा खुर्चीत बसला. आणि लाइट गेली.

आधी त्यानं लक्ष दिलं नाही. तासाभरानं फ्रिजला हात लावून पाहिला. दुपार झाली तेव्हा भिंती तापल्या होत्या आणि फ्रिजच्या फटीतून दालचिनीचा वास यायला लागला होता. फेयोच्या दुकानातलं बर्फ तर सकाळीच संपलं होतं, गल्लीतल्या सगळ्यांनाच हवं होतं. योकास्ता उद्या येणार. तोवर दुधाची खीर या उकाड्यात काय राहते? बॅटऱ्या असत्या तर राहिली असती. बॅटऱ्या कुणामुळे नव्हत्या, हा विचार त्यानं मनातून झटकला.

फेकून द्यायची? पवित्र आठवड्यात? त्याची आई थडग्यातून उठून आली असती. खायची? अर्धा किलो! आणि योकास्ता आल्यावर नासके वाडगे पाहील, तेव्हा बॅटऱ्यांचा विषय निघेलच. एक तर खीर नासणार होती, नाही तर रादामेस.

आणि मग त्याच्या डोक्यात गणित आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन घरं. तीन खिरी. प्रत्येकाला खीर मिळाली पाहिजे, पण स्वतःची नव्हे. एर्सिलियांची खीर नुरीसच्या वाडग्यात, नुरीसची फेयोच्या, फेयोची एर्सिलियांच्या. वाडगे भरलेले परत, अन्न वाया नाही, पोटात एक ग्रॅम नाही, योकास्ताची अब्रू राखलेली! वर्गात हे उदाहरण तो दर वर्षी टोप्या आणि माणसं घेऊन शिकवायचा. पोरं विचारायची, सर, याचा आयुष्यात उपयोग काय? बोलवा त्यांना आता!

त्यानं टोपात ओतून, काट्यावर तोलून, कुणाला एक ग्रॅम कमी-जास्त न होऊ देता अदलाबदल केली. वर नवी बिस्किटं रचली. आणि तिन्ही घरी जाऊन हसतमुखानं म्हणाला, "योकास्तानं पाठवलीय. ड्यूटीला जायच्या आधी पहाटेच केली बिचारीनं."

घरी येऊन त्यानं एकशेवीस ग्रॅम पपई खाल्ली आणि स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला.

गणितात एकच गोष्ट राहिली होती. ती तिघं एकमेकांनाही खीर देत होती.

शुक्रवारी दुपारी योकास्ता परतली. रात्रभर अपघाताचे पेशंट, उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडलेले, डोळे लाल. गुड फ्रायडेची गल्ली चिडीचूप होती, गाणी बंद, डॉमिनो बंद. नुरीस ओट्यावर बसली होती. योकास्ताला पाहताच ती उठली आणि तिनं तिला मिठीच मारली.

"योकास्ता! अगं, शेवटी जमली तुला!"

"काय जमलं?"

"खीर! या वर्षी करपली नाही!"

खिडकीच्या गजांमागे रादामेस अंड्याचा पांढरा भाग तोलत होता. त्याचा हात हवेतच राहिला.

"करपली नाही म्हणजे?" योकास्ता हळू आवाजात म्हणाली.

"नाही गं, म्हणजे दर वर्षी थोडी... धुरकट लागते ना. आम्ही खातो, खातो की! देवाचं नाव घेऊन खातो. पण या वर्षीची म्हणजे, अगदी दोन्या एर्सिलियांच्या तोडीची. आलंसुद्धा तेवढंच."

आता नुरीसचा आवाज म्हणजे पार्लरमधल्या ड्रायरवर मात करायला तयार झालेला. समोरच्या ओट्यावर दोन्या एर्सिलियांच्या हातातली जपमाळ थांबली.

"आलं?" त्या उठल्याच. "कुणाच्या खिरीत आलं?"

"योकास्ताच्या."

"पण योकास्तानं मला पाठवली तिच्यात तर रताळ्याचे हे एवढाले ठोकळे होते. मी म्हटलं, पोरीनं फेयोकडून शिकून घेतलं वाटतं." मग त्यांच्या काय ते ध्यानात आलं आणि त्या नुरीसकडे वळल्या. "आल्याचं मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलंय. तुझ्या पार्लरमध्ये. माझं डोकं धूत होतीस तेव्हा."

"मी कुणाला बोलले नाही!"

"मग हिला स्वप्न पडलं?"

"फेयोला विचारा की! आलं तोच विकतो तुम्हाला. पवित्र आठवड्यात म्हातारी बाई पावशेर आलं नेते, ते काय केसांना लावायला?"

"म्हातारी कोण?"

आवाज ऐकून फेयो दुकानातून बाहेर आला, आणि त्यानं येताच आगीत तेल ओतलं. "योकास्ता, नारळ काय घातलायस यंदा! मी म्हटलं, ही तर थेट नुरीसची चव. पण नुरीस, तू तर मला सांगितलं होतंस की प्रमाण कुणाला देत नाहीस. मला दिलं नाहीस, हिला दिलंस?"

"मी कुणाला काही दिलेलं नाही!"

"आणि माझ्यासारखी रताळी कापायला हिला कुणी शिकवलं?" फेयोनं विचारलं.

पाच मिनिटांत, प्रभूच्या मृत्यूच्या दिवशी, जिथं कुजबुजायचं तिथं तिघंही हातवारे करत एकमेकांवर आल्या-नारळाच्या चोरीचा आळ घेत होती. दोन्या एर्सिलियांनी पार्लरची पायरी पुन्हा चढणार नाही अशी शपथ घेतली. नुरीसनं त्यांच्या केसांचा खरा रंग गल्लीला सांगितला. फेयो मध्ये पडला तेव्हा दोघींनी मिळून त्याला विचारलं, तुझी बायको न्यू यॉर्कला का राहते.

  योकास्तानं फक्त मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

रादामेस बाहेर आला. न येऊन काय करणार? नर्सबाई घरात येणारच होती.

"भांडू नका," तो म्हणाला. "चोरी कुणीच केली नाही. योकास्तानं खीर केलीच नाही. मीच... ती फिरवली."

त्यानं सगळं सांगितलं. टोप्या आणि माणसांच्या उदाहरणासकट. कुणी हसलं नाही. दोन्या एर्सिलिया म्हणाल्या, "म्हणजे मी फेयोची खीर दोनदा खाल्ली?" आणि त्यांच्या चेहऱ्यावरून फेयोच्या खिरीबद्दल त्यांचं मत गल्लीला कळलं. फेयो दुखावून दुकानात गेला.

पण योकास्ताला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"दर वर्षी करपते?" तिनं नुरीसला विचारलं.

नुरीसनं चपलेकडे पाहिलं. दोन्या एर्सिलियांनी जपमाळेकडे पाहिलं. योकास्ता घरात गेली.

तिनं भांडण केलं नाही. हेच भयंकर होतं. तिनं हात धुतले, गॅस पेटवला आणि भिजवलेला राजमा चढवला. रादामेस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मदत करू का म्हणायची हिंमत नव्हती. ती वाटत होती, गाळत होती, ढवळत होती, आणि मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहत होती. भिंतीकडे बघताना ढवळायचा डाव हातातच राहायचा. खाली खीर लागत होती. वास आला. रादामेसला तो वास ओळखीचा होता.

शेवटी तिनं वाडगा भरला आणि टेबलावर ठेवला. काटा बाजूला सरकवला.

"वीस वर्षं," ती म्हणाली. "त्यांचं सोड, ते शेजारी. तू तर घरचा माणूस. दर वर्षी तीन-तीन वाडगे खायचास. तूही देवाचं नाव घेऊन खायचास का? खरं सांग. आज खोटं बोललास तर बॅटरी नको आणि तूही नको."

तिचा आवाज फुटला नव्हता, पण फुटायला आला होता. दवाखान्यात माणसं दगावताना तिनं डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं.

रादामेसनं वाडग्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकलेल्या वजनकाट्याकडे पाहिलं. उद्या सकाळी. अर्धा किलो. बॅटऱ्या. दोन्या फ्रेदेस्विंदांचं घामेजलेलं कपाळ. एक चमचा खाऊन 'छान' म्हणता आलं असतं, पण एका चमच्यानं ही बाई पटली नसती. वीस वर्षांचा प्रश्न एका चमच्यानं सुटत नाही.

त्यानं चमचा घातला. करपलेली खीर जिभेवर आली, धुरकट, कडसर, आणि मग गोड. त्याला खरंच बरं वाटलं. अहो, या माणसाला ती आवडायची! बाकीच्यांची खीर त्याला दर वर्षी नुसती गोड लागायची, कुणी लग्नात हार घालून बसवल्यासारखी. त्यानं वाडगा संपवला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग पातेलं पुढे ओढून चमच्यानं बुडाची खरवड काढायला लागला.

"ही खरवड," तो तोंड भरून म्हणाला, "ही तू मला कधी मिळू देत नाहीस. घासायला टाकतेस. पोट काय उगाच सुटलं माझं?"

 योकास्तानं त्याच्या हातातून चमचा काढून घेतला आणि स्वतः खरवड खाल्ली. "करपलीच आहे," ती म्हणाली.

"आहेच."

"गाढव आहेस."

"आहेच," रादामेस म्हणाला, आणि सवयीनं त्यानं फोन काढला. घास न् घास नोंदवायचा होता ना! फोनला राजम्याची खीर ठाऊक नव्हती. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून त्यानं 'राजम्याचं सूप' दाबलं आणि तीन वाडगे टाकले. फोनमधून टाळ्या वाजल्या. अभिनंदन! तीन महिन्यांत पहिल्यांदाच तुमचं दिवसाचं प्रोटीन पूर्ण झालं!

शनिवारी सकाळी काटा खोटं बोलला नाही. उतरायचा होता अर्धा किलो, चढला होता त्याहून जास्त. कोच येसोननं कॅमेऱ्यातून काट्याचा आकडा दोनदा वाचला. मग म्हणाला, "जबरदस्त, चॅम्पियन. पुढचा तीन महिन्यांचा प्लॅन तुला सवलतीत देतो." रादामेसनं फोन योकास्ताला दिला. ती त्या पोराशी काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर त्याचा निरोप कधी आला नाही.

दुपारी दोन्या फ्रेदेस्विंदा आल्या. दोन पिशव्या, एक कोंबडी आणि मुक्काम दोन आठवडे. आल्या आल्या पातेल्यात डोकावल्या, उरलेली खीर चाखली आणि डोळे मिटले. "अगदी माझ्यासारखी," त्या म्हणाल्या. "खाली लागल्याशिवाय खिरीला चव नाही. तुझ्या आजीची तर काळीच असायची." योकास्तानं आईला मिठी मारली. मग त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि लाइट गेली.

योकास्तानं पुठ्ठा आणून दिला. फेयोच्या दुकानातल्या बिस्किटांच्या खोक्याचा होता.

दोन आठवडे रादामेस उभा होता. सकाळी एका हातानं, दुपारी दुसऱ्या हातानं. जरा थांबला की आतून आवाज यायचा, "वारं पडलं का रे, मुला?" घामानं शर्ट पाठीला चिकटायचा. खायला वेळ मिळायचा नाही, मग तोलायला कुठला? गल्लीत समेट झाला. दोन्या एर्सिलिया पुन्हा पार्लरमध्ये जायला लागल्या, कारण केसांचा खरा रंग दिसायला लागला होता. संध्याकाळी तिघंही खिडकीशी उभी राहून त्याला बघायची आणि सूचना द्यायची. मनगटातून हलवा, मास्तर, मनगटातून.

सासूबाई बसनं परत गेल्या त्या दिवशी त्याची पँट फेयोच्या दुकानासमोर घसरली. फेयोनं त्याला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. सहा किलो उतरलेच होते. वर आणखी एक.

"कुठला प्लॅन रे हा?" फेयोनं विचारलं.

रादामेसनं पँट वर ओढून धरली. उत्तर योकास्तानं दिलं, मागून, आवोकाडो निवडता निवडता.

"बसचं तिकीट लागतं फक्त. हवा असेल तर सांग, पुढच्या महिन्यात आईला परत बोलावतेच आहे."